‘तीसला खाल्लं, सोमवारी वलण’ : भावाच्या फोनवरची भाषा काय सांगते?

पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. तालुक्याच्या गावी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेलं वर्षभर क्रिकेटची मॅच सुरू झाली की तो फोन घेऊन गच्चीवर जातो. कानावर पडलेलं असं : ‘मुंबई तीसला खाल्ली’, ‘सहा ओव्हर नो केलंय’, ‘बुक मायनस आहे’, ‘लिमिट वाढवून दे’, ‘सोमवारी वलण करतो’. विचारलं तर ‘गेम आहे, नुसते पॉइंट असतात’ म्हणतो. परवा त्याने माझं बँक खातं आणि एटीएम कार्ड पंधरा दिवसांसाठी मागितलं, मित्राचं पेमेंट घ्यायचंय म्हणून. वडील नाहीत, आईला अजून काही बोलले नाही. या शब्दांचा अर्थ काय? तो नुसता खेळतोय की बुकी झालाय? मी काय करू?
– एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी खात्याचं बघू, कारण ते आजच उरकायचं आहे. कार्ड देऊ नका, खातं वापरू देऊ नका, तुमच्या नावावर सिमही घेऊ देऊ नका. सट्ट्याच्या आयडीत (म्हणजे सट्ट्याच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर खेळायला मिळणाऱ्या खात्यात) पैसे भरायला जो क्यूआर किंवा खाते क्रमांक व्हॉट्सअॅपवर येतो, तो सहसा बुकीचा नसतो. तो अशाच कुणाच्या तरी बहिणीचा, मित्राचा, कॉलेजच्या पोराचा असतो आणि दर काही दिवसांनी बदलतो. त्याच खात्यांतून सायबर फसवणुकीचे पैसेही फिरवले जातात. फसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात तक्रार केली की पैसा जिथून जिथून गेला ती खाती गोठतात. मग तुमचा पगार अडकतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यातून नोटीस तुमच्या नावाने येते. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येते.

कार्ड आधीच दिलं असेल तर ते लगेच ब्लॉक करा, यूपीआय पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. अनोळखी रक्कम दिसली तर ती काढू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून ‘परत’ही पाठवू नका. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं, तेही एकदा तपासा.

आता त्याच्या बोलण्याकडे वळू. ‘खाल्ली’ या शब्दाने तुम्ही घाबरला आहात, पण खाणारा बुकीच असतो असं नाही. मटक्यात खाईवाल म्हणजे पैज घेणारा, हे बरोबर. क्रिकेटच्या सट्ट्यात मात्र साधा पंटरही, म्हणजे पैज खेळणारा गिऱ्हाईकही, लावू शकतो आणि खाऊ शकतो. भाव नेहमी फेव्हरिट टीमचा बोलला जातो आणि तो पैशांत असतो. समजा मुंबई-चेन्नई मॅच आहे, मुंबई फेव्हरिट आहे आणि भाव २८-३० चालू आहे. २८ हा लावायचा भाव. मुंबईवर १०,००० लावले आणि मुंबई जिंकली तर २,८०० मिळतात, हरली तर १०,००० जातात. ३० हा खायचा भाव. १०,००० खाल्ले आणि मुंबई हरली तर १०,००० मिळतात, जिंकली तर ३,००० द्यावे लागतात. म्हणजे ‘मुंबई तीसला खाल्ली’ याचा अर्थ एवढाच, की मुंबई हरेल अशी पैज त्याने घेतली. आयडीच्या स्क्रीनवर हेच भाव १.२८ आणि १.३० असे दिसतात, बहुतेक ठिकाणी निळ्या आणि गुलाबी चौकोनांत. निळा लावायचा, गुलाबी खायचा.

२८ आणि ३० मधला दोन पैशांचा फरक किरकोळ वाटतो आणि एका पैजेपुरता तो किरकोळच आहे. पोरं बुडतात ती ‘बुक’मुळे, म्हणजे कोणती टीम जिंकली तर आपले किती येणार-जाणार या चालू हिशेबामुळे. मॅच चालू असताना भाव पळत राहतो, म्हणून पंटर एकदा पैज घेऊन थांबत नाही. वरच्या उदाहरणात ३० ला १०,००० खाल्ल्यावर त्याचं बुक असं झालं : मुंबई मायनस ३,०००, चेन्नई प्लस १०,०००. पहिल्या पाच ओव्हरमध्ये मुंबईच्या तीन विकेट पडल्या आणि भाव ८० झाला, तर तो ८० ला मुंबईवर ७,००० लावतो. आता मुंबई जिंकली तर प्लस २,६००, चेन्नई जिंकली तर प्लस ३,०००. दोन्हीकडून हिरवं. हा अनुभव दोन-तीनदा आला की आपल्याला यातलं कळतं असं त्याला मनापासून वाटू लागतं. हिशेब त्याला कळतोच, ते खोटं नाही.

उलटं झालं की काय होतं ते बघा. मुंबईने दणक्यात सुरुवात केली आणि भाव १२ वर आला. आता नुकसान बांधून घ्यायचं, म्हणजे ‘लॉस कट’ करायचा, तर १२ ला साधारण ११,६०० लावावे लागतात. मग कुणीही जिंकलं तरी १,६०० च्या आसपास जातात आणि विषय संपतो. पण १,६०० चा तोटा पक्का करायला हात धजत नाही. त्याऐवजी तो १२ ला आणखी ३०,००० खातो. ‘जातील तर ३,६००च, आले तर तीस येतील’ हा त्यामागचा विचार. मुंबई जिंकते आणि ३,००० चे ६,६०० होतात. मग पुढच्या मॅचला ‘रिकव्हरी’, म्हणजे गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं. तुमच्या कानावर ‘बुक मायनस’पेक्षा ‘रिकव्हरी’ हा शब्द जास्त वेळा पडत असेल, तर काळजीचं कारण मोठं आहे.

‘सहा ओव्हर नो’ हे सेशन. स्क्रीनवर याला फॅन्सी म्हणतात. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती रन होतील याचा भाव बुकी देतो, समजा ४८-५०. ‘नो’ म्हणजे ४८ होणार नाहीत, ‘यस’ म्हणजे ५० होतील. ४७ किंवा कमी झाले तर नो जिंकतो, ५० किंवा जास्त झाले तर यस. बरोबर ४८ किंवा ४९ झाले तर दोघेही हरतात आणि दोघांचे पैसे वर जातात. कधी दोन्ही बाजूंना एकच आकडा असतो, तेव्हा भाव ११०-९० असा येतो. नोवाल्याने १०० जिंकायला ११० घालवायची तयारी ठेवायची, यसवाल्याला १०० लावून ९० च मिळणार. दोन्ही बाजूंची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर शंभरामागे जवळपास ५ रुपये बुकीचे. एका मॅचमध्ये २,००० च्या दहा फॅन्सी खेळल्या की उलाढाल २०,००० ची आणि सरासरीने १,००० गेले. अशा ५० मॅच म्हणजे ५०,०००, आणि तेही नशीब ना चांगलं ना वाईट असं धरून. दहा आकड्यांतला एक लागला तर रुपयाला नऊ देणाऱ्या मटक्यात ही कापणी निदान उघड दिसते. फॅन्सीत ती दिसत नाही, आणि दर वीस मिनिटांनी नवीन पैज समोर येते. मॅचचा निकाल तीन तासांनी लागतो, म्हणून व्यसन लागतं ते बहुधा सेशनचं. ‘लंबी’ म्हणजे पूर्ण डावाचे रन. त्याशिवाय पुढची विकेट किती रनांवर पडेल, अमुक बॅट्समन किती करेल, टॉस कोण जिंकेल, असे प्रकार असतात. टॉसला भाव ९८-९८ असला तरी नाणं उडवून शंभरामागे सरासरी एक रुपया जातोच.

त्याला वाटत असेल की आपण मॅच बघून खेळतो. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं आणि मोबाईलवरचं बहुधा त्याहूनही मागे. भाव चालवणाऱ्यांकडे ‘लाइन’ असते, मैदानावरची खबर चेंडूगणिक ऐकवणारी. बॉलर धावायला लागला की स्क्रीनवर ‘बॉल रनिंग’ येतं आणि भाव बंद होतो. विकेटचा जल्लोष त्याच्या फोनवर ऐकू येतो तोवर नवा भाव आलेला असतो. टेलिग्रामवरच्या ‘पक्क्या रिपोर्ट’चंही, म्हणजे कोण जिंकणार ते खात्रीने सांगणाऱ्या टिपांचंही, असंच. हजार जणांपैकी पाचशेंना एक टीम सांगायची, पाचशेंना दुसरी. ज्यांचं बरोबर आलं त्यांना पुढच्या मॅचला पुन्हा निम्मं-निम्मं वाटायचं. तीन मॅचनंतर सव्वाशे पोरं अशी उरतात, ज्यांच्यासाठी हा माणूस देव असतो. मग फी मागायची.

पत्रातला सगळ्यात गंभीर शब्द मात्र ‘लिमिट’ आहे. आयडी दोन प्रकारची. एकीत आधी पैसे भरायचे, तितकेच पॉइंट मिळतात. ते संपले की खेळ थांबतो. दुसरी उधारीची : एजंट, म्हणजे आयडी देणारा बुकीचा माणूस, ओळखीवर लिमिट (उधारीची मर्यादा) देतो, एक पैसा न भरता खेळायला मिळतं, आणि आठवड्याचा हिशेब ठरलेल्या दिवशी, बहुतेक ठिकाणी सोमवारी, रोखीने चुकता होतो. त्याला वलण म्हणतात. तुमचा भाऊ दुसऱ्या प्रकारात आहे. ‘लिमिट वाढवून दे’ याचा अर्थ आधीची लिमिट हरून संपली किंवा अडकली आहे. ‘नुसते पॉइंट’ या उत्तरावर जाऊ नका. एका पॉइंटचे किती रुपये हे एजंट आणि पंटर यांच्यात तोंडी ठरलेलं असतं, म्हणून आकडा ऐकून घाबरण्याआधी किंवा निश्चिंत होण्याआधी तेवढं विचारून घ्या. तो ‘पेटी’ म्हणाला तर एक लाख, ‘खोका’ म्हणाला तर एक कोटी.

बुकी झालाय का, याचं उत्तर : तुम्ही लिहिलेल्या शब्दांवरून नाही. लावलं, खाल्लं, यस, नो, बुक, लिमिट ही पंटरची भाषा आहे. ‘माझे क्लायंट’, ‘आयडी काढून देतो’, ‘कटिंग पाठव’ (अंगावर आलेल्या पैजा वरच्या बुकीकडे सरकवणं), ‘माझी शेअरिंग इतके टक्के’ (नफा-तोट्यातला वाटा) असं ऐकू आलं तर तो एजंट झाला. त्याच्या वर मास्टर, त्याच्या वर सुपर मास्टर अशी शिडी असते. जो तरुण देणं फेडू शकत नाही त्याला एजंट दोन वाटा दाखवतो : चार मित्र आणून दे, नाहीतर खाती आणून दे. त्याने तुमचं खातं मागितलं ते बहुधा याच वळणावर. म्हणून बोलणं पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

मॅच चालू असताना किंवा रात्री जेवायला बसल्यावर विषय काढू नका. ज्या दिवशी मॅच नाही त्या सकाळी, दुकान उघडण्याआधी, एकट्याशी बोला. ‘हे काय चाललंय’ असं विचारलंत तर ‘काही नाही’ हेच उत्तर येईल. नेमकं विचारा : आयडी कुणाकडून घेतली, लिमिट किती, पॉइंट कितीचा, गेल्या सोमवारी किती दिले, आता किती बाकी, आणि ते कुणाकुणाकडून उसने आणले. मग आयडी उघडायला सांगा. वर दोन आकडे दिसतात, बॅलन्स आणि एक्स्पोजर. एक्स्पोजर म्हणजे आत्ता चालू असलेल्या पैजांत अडकलेली रक्कम. मेन्यूमध्ये अकाउंट स्टेटमेंट आणि प्रॉफिट-लॉस असतं. तारखा जितक्या मागे जातील तितक्या न्या आणि बेरीज त्याच्याच हाताने कागदावर करू द्या. बहुतेकांनी ती कधी केलेलीच नसते. जिंकलेले आकडे तोंडपाठ असतात, हरलेले धूसर असतात. आयडीवर विसंबू नका, एजंट ती कधीही बंद करू शकतो. म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण हे त्याच्या संमतीने. लपून फोन उघडलात तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि फोन फक्त बदलेल.

आयडीचं कर्ज अर्धंच असतं, दुसरं अर्धं बाहेर असतं. त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. लोन अॅप, दुकानाच्या नावावर उचललेले पैसे, हप्त्यावर घेऊन विकलेले मोबाईल त्यात दिसतील. सोनाराकडे गहाण ठेवलेलं सोनं आणि गावातला सावकार मात्र विचारूनच कळेल. सगळी यादी झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि देताना त्याच्या हातात रोख देऊ नका. बँक, पतसंस्था, ओळखीची माणसं यांचं देणं आधी, तेही थेट त्यांच्या खात्यात. घरच्यांनी एकदम सगळं भरलं की लिमिट पुन्हा मोकळी होते, आणि एजंटला कळतं की या घरातून पैसा निघतो.

सट्ट्याच्या देण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण एजंट लोक यावरच घाबरवतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. आपल्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात, १८६५ चा एक कायदा आणखी पुढे जातो आणि पैजेसाठी केलेले पूरक करारही रद्दबातल ठरवतो. म्हणूनच पंटरकडून कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प पेपर मागितला जातो, म्हणजे सट्ट्याचं देणं कागदावर हातउसने दिसेल. असं काही दिलंय का हे आवर्जून विचारा. दिलं असेल तर कोर्टाची नोटीस येईपर्यंत थांबू नका, आधीच वकील गाठा. विनापरवाना सावकारीचा धाक असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे. धमक्या आल्या तर फोनवरच्या बोलण्याची नोंद ठेवा, मेसेज पुसू नका, पोलिसांत जा.

‘पोलिसांत गेलो तर मीच अडकेन’ असं तो म्हणेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. मात्र महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वेगळा आहे, आणि एजंट म्हणून आयडी वाटणं किंवा खाती पुरवणं तर आणखी वेगळं. त्यामुळे तो नेमका कुठे उभा आहे हे आधी वकिलाला खरं खरं सांगा, मग तक्रार लिहा. फसवणुकीचे पैसे खात्यात आले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा.

आयडी बंद करायला पासवर्ड बदलून भागत नाही, नवी आयडी पाच मिनिटांत मिळते. अडवायचा तो पैशाचा रस्ता. बँकेच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा, क्रेडिट कार्ड असेल तर बंद करा, दुकानाचा क्यूआर काही महिन्यांसाठी आईच्या खात्याला जोडा आणि माल भरायचे पैसे तिथूनच जाऊ द्या. यासाठी आईला सांगावं लागेल. सांगा, पण यादी तयार झाल्यावर, आकड्यासकट. आईला अर्धवट कळणं सगळ्यात त्रासाचं.

जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे आणि त्यावर उपचार होतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. पहिले काही आठवडे चिडचिड आणि झोप न लागणं बहुतेकांना होतं, मॅचच्या वेळी जास्त. त्या तासांत त्याच्यासोबत कुणीतरी असू द्या. तो ‘आता काही उरलं नाही’, ‘मी नसलो तर सुटाल’ असं काही बोलला, तर हिशेब-वकील सगळं बाजूला ठेवा, एकटं सोडू नका, त्याच रात्री डॉक्टरकडे न्या. तातडीची मदत लागली तर ११२ ला फोन करा.

येत्या सोमवारी एजंटचा फोन येईल. तो भावाने एकट्याने घेऊ नये, तुम्ही शेजारी बसा. उत्तर तीन वाक्यांचं ठेवा : खेळ बंद केला आहे, आयडी बंद कर, यापुढे काही बोलायचं असेल तर घरच्यांशी आणि वकिलाशी बोल. रकमेचा आकडा फोनवर कबूल करू नका, ‘पुढच्या सोमवारी देतो’ असं तर मुळीच म्हणू नका. एजंट बहुधा आधी गोड बोलेल, थोडं माफ करतो म्हणेल, ‘एक शेवटची मॅच खेळ, सगळं निघेल’ म्हणून लिमिट वाढवून देईल. ती वाढीव लिमिट स्क्रीनवर आली की लगेच स्क्रीनशॉट घ्या, वकिलाकडे पाठवा आणि अॅप काढून टाका.